लॅपटॉपचा दमा

"याले दमा झाला वाटते," आई म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा सुरू केलेलं माझं रेकॉर्डिंग तिथंच संपलं.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. 'ठेवले' म्हणते आहे, पण आपटले होते. आई म्हणजे माझ्या सासूबाई. खिडकीखाली सतरंजी टाकून, पाय पसरून त्या वाती वळत बसल्या होत्या. समोर सुपात पिंजलेला देवकापूस, शेजारी बोट बुडवायला वाटीत थोडं दूध आणि वळून झालेल्या वातींच्या जुड्या. नजर मात्र टेबलावरच्या लॅपटॉपवर होती. घरात कुणी आजारी पडलं की त्या जशा बघायच्या, तशाच त्याच्याकडे बघत होत्या.

"आई, मी वाचत होते."

"हो ना. पण थो धापा टाकून राह्यला. मले वाटलं तुले ऐकू येत नाई, कानाले हे डबडे लावले तं."

"मला ऐकू येतंय. म्हणून तर पुन्हा पुन्हा वाचतेय."

"मंग त्याले जरा पडू दे ना. तूबी पड. कवाची बोलून राह्यली." एवढं बोलून त्यांनी नवा कापूस उचलला आणि अगदी सहज विचारलं, "थ्या गोदाचा भाऊ भेटला का पण?"

गोदा म्हणजे मी वाचत होते त्या कादंबरीतली बाई. हरवलेल्या भावाला शोधत ती अनोळखी गावात एसटीतून उतरते आणि पहिलं प्रकरण संपतं तेव्हा एका बंद दारावर थाप मारत उभी असते. ते पहिलं प्रकरण त्या आठवड्यात मी इतक्यांदा वाचलं होतं, की गोदा बिचारी सारखी एसटीतून उतरत होती आणि दार काही उघडत नव्हतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आम्ही तेव्हा अकोटला राहत होतो. माझं माहेर नाशिकचं. लग्न होऊन वऱ्हाडात आले तेव्हा इकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' म्हणतात हे ऐकून मला हसू आवरत नसे. पुढं हसू गेलं, भाषा मात्र माझ्या तोंडी शेवटपर्यंत बसली नाही. अरविंदची, माझ्या नवऱ्याची, बदली वाशीमला झालेली. तो शनिवारी रात्री यायचा, सोमवारी पहाटे जायचा. मुलगी पुण्याला शिकत होती. घरात मी आणि आई.

मी शाळेत मराठी शिकवायचे. त्या वर्षी उन्हाळ्यात शाळेनं मराठी माध्यमाचे वर्ग बंद केले आणि आम्हा तिघी शिक्षिकांना हार-नारळ देऊन घरी पाठवलं. मी रडले वगैरे नाही. माझा स्वभाव रडण्यापेक्षा भांडी घासण्याचा. पण जून लागला, गल्लीतून पोरं दप्तरं घेऊन जायला लागली आणि मला सकाळी उठून काय करायचं तेच कळेना. वर्गात धडा वाचायला घेतला की मागच्या बाकावरची कार्टीसुद्धा गप्प व्हायची. मला दुसरं काही फार चांगलं येत नव्हतं. जे येत होतं ते आता कुणालाच नको होतं.

अशात पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात मुलीनं पाठवली. ते लोक मराठी पुस्तकं वाचून घेऊन ती ऐकण्यासाठी उपलब्ध करून देत. घरबसल्या काम. त्यांनी कादंबरी पाठवली, पहिलं प्रकरण वाचून नमुना पाठवा म्हणाले. पसंत पडला तर पूर्ण पुस्तक तुमचं. मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की अरविंदनं "बघू, जमलं तर जमलं" म्हटलं तेव्हा मी त्याच्याशी रविवारभर बोलले नाही.

माइक मुलीनं घेऊन दिला. लॅपटॉप अरविंदचा जुना. आणि त्या लॅपटॉपचा पंखा अखंड घरघरायचा. चालू केल्यापासून बंद करेपर्यंत. मी वाचायला लागले की घरघर, थांबले की घरघर. दोन वाक्यांच्या मध्ये जी शांतता हवी, तिथं नेमकी ती जास्त ऐकू येई.

पहिला नमुना मी तसाच पाठवून दिला होता. म्हटलं, चालून जाईल. तिथल्या साने बाईंचा निरोप आला : आवाज छान आहे, पण मागे सतत काहीतरी घरघरतंय, ते घालवून पुन्हा पाठवा. त्यानंतर माझे प्रयोग सुरू झाले.

आधी लॅपटॉप उशीवर ठेवला, म्हणजे आवाज उशीत मुरेल. तो जास्तच तापला आणि जास्तच ओरडायला लागला. मग त्याच्यावर गोधडी घातली, तर मुकाट बंदच पडला. छताच्या पंख्याचा आवाज नको म्हणून तो बंद केला, रस्त्याचा नको म्हणून खिडकी लावली. ऑक्टोबरचं अकोट. खोलीची भट्टी झाली आणि लॅपटॉपनं आणखी वरचा सूर धरला. समोरच्या भिंतीवर रजई टांगली. शेवटी आवाज पुसून काढणारं काहीतरी मुलीनं फोनवरून शिकवलं. त्यानं घरघर गेली खरी, पण मी माठात तोंड घालून वाचते आहे असं वाटायला लागलं.

अरविंद रविवारी ते ऐकून म्हणाला, "गोदा विहिरीत पडली का?"

"आधी तुझा लॅपटॉप नीट कर."

"नाचता येईना, अंगण वाकडं."

आई वाती वळत होत्या. त्या मुलाकडे न बघता म्हणाल्या, "तिले नाचता येते. अंगणच वाकडं हाये."

त्या असं माझ्या बाजूनं क्वचितच बोलत. म्हणजे विरुद्धही बोलत नसत. आमचं भांडण कधी झालं नाही आणि गुळपीठही कधी जमलं नाही. वीसेक वर्षं आम्ही एका घरात, एकमेकींच्या कामात पाय न घालता राहत होतो. त्या देवघरात आणि परसात, मी स्वयंपाकघरात आणि शाळेत. माझी शाळा सुटली आणि श्रावणापासून मी आवाज सुटावा म्हणून रोज दुपारी काही ना काही मोठ्यानं वाचायला लागले, तेव्हा त्या आपलं सूप आणि सतरंजी उचलून माझ्या खोलीत आल्या. "देवघरात उजेड कमी पडते," म्हणाल्या. गेल्या वर्षीच्या चातुर्मासात त्यांनी लाख वातींचा नेम धरला होता. परसातल्या देवकापसाच्या झाडाच्या कापसाच्या लाख वाती स्वतः वळायच्या आणि देवापुढं जाळायच्या. "त्रिपुरी पौर्णिमेपावतर झाल्या पाह्यजे," असं त्या दसऱ्यानंतर रोज म्हणत.

शेजारच्या डोंगरे काकू एकदा दुपारी डोकावल्या आणि त्यांना म्हणाल्या, "आजी, दिवसभर वातीच वळता का व? कमरेचा काटा ढिला होईन."

आई म्हणाल्या, "होऊ दे. वाती वळणाऱ्या बाईले कोणी उठ म्हणत नाई. बाकी हातात काई नसलं, का साऱ्यायले काम आठवते तिचं."

आम्ही तिघी हसलो. मी पुन्हा वाचायला लागले.

शेवटी लॅपटॉप उचलला आणि बसस्टँडजवळच्या दुकानात नेला. तिथल्या इंगळेनं मागचं झाकण उघडलं, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, घरी गाद्या भरता काय?"

"का?"

त्यानं चिमट्यानं पंख्याच्या तोंडातून एक पांढरी चकती ओढून काढली. गादीच्या कडेला कापूस दबून बसतो तशी घट्ट, रुपयाएवढ्या जाडीची. तिच्यामागून आणखी एक निघाली. पात्यांना पांढरं तूस गुंडाळलेलं, जाळीवर तूस, कोपऱ्यात तूस. "हवा जायलेच जागा नाई. हा ओरडन नाई तं काय करन?" असं म्हणून त्यानं सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत भरलं आणि 'बघायला घेऊन जा' म्हणून माझ्या हातात दिलं.

मी रिक्षात बसल्या बसल्या हसले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. उशी, गोधडी, रजई, सगळं करून झालं, आणि दुखणं दोन हातांवर बसून वाती वळत होतं.

घरी आल्यावर आईंना सांगायचं नाही असं मी ठरवलं. उगाच त्यांना लागेल. "धूळ होती," एवढंच म्हणाले. लॅपटॉप सुरू केला. आवाज नाही! कान लावला तेव्हा कुठं बारीक सूं ऐकू आलं. मला इतका आनंद झाला की मी भर दुपारी शिरा केला.

शिरा घेऊन खोलीत गेले, तर आई माझ्या पर्समधून डोकावणारी ती प्लास्टिकची पिशवी हातात घेऊन बसल्या होत्या. त्यातली चकती काढून दोन बोटांत चोळत होत्या.

"हे माह्यं हाये," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हा देवकापूस हाये. बाजारचा असा लागत नाई हाताले." त्यांनी सुपाकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे. "ह्याच्या नाकातून काढला का?"

खोटं बोलायची वेळ निघून गेली होती. मी म्हणाले, "थोडासाच होता, आई."

"मी बसतो इथं म्हणून."

"तसं काही नाही..."

"तसंच हाये." आवाजात राग नव्हता. त्यांनी सूप उचललं, वाती पदरात घेतल्या. "मले काऊन नाई सांगतलं? सोन्यासारखं काम तुह्यं. माह्या कापसापायी राह्यलं असतं ना."

दुसऱ्या दिवसापासून दुपारचं जेवण झालं की त्या सूप घेऊन डोंगरे काकूंच्या ओसरीवर जाऊन बसायला लागल्या. मी म्हटलं, देवघरात बसा. तर म्हणाल्या, "नाई बाप्पा. कापूस उडते. दाराखालून बी जाईन." जाताना त्यांनी सतरंजीसुद्धा झटकून, घडी करून कपाटावर ठेवली.

आता सगळं मनासारखं होतं. खोली माझी, शांतता माझी. मी दार लावलं, माइक सरळ केला आणि पहिलं प्रकरण वाचलं. एक चूक झाली, पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा एकही चूक झाली नाही. ऐकून बघितलं. घरघर नव्हती, उच्चार स्वच्छ होते. आणि ऐकताना मला जांभई आली.

वाटलं, इतक्यांदा वाचून कंटाळा आला असेल. दुसऱ्या दिवशी ताज्या घशानं वाचलं. तरी तेच. जिथं गोदा दारापाशी जाते तिथं मी मुद्दाम आवाज खाली नेला, तर ते नाटकी वाटलं. मुद्दाम नाही नेला, तर वीजबिल वाचल्यासारखं. तरी स्वच्छ आहे ना, म्हणून पाठवून दिलं.

साने बाईंचा दोन दिवसांनी फोन आला. त्यांच्याशी मी पहिल्यांदाच बोलत होते. आवाज तरुण होता, अदबशीर.

"रेवतीताई, आवाज एकदम स्वच्छ आलाय. घरघर पूर्ण गेलीय."

"हो, दुरुस्त करून घेतला."

"छान झालं." मग त्या म्हणाल्या, "एक विचारू? रागावू नका. पहिला नमुना आणि हा, दोन्ही तुम्हीच वाचलेत ना?"

"मीच. का?"

"पहिल्यात घरघर होती, पण तुम्ही गोष्ट सांगत होतात. यात तुम्ही वाचताय. म्हणजे चुकीचं काहीच नाही. पण आम्ही इथं चौघांनी ऐकलं आणि चौघांनाही तसंच वाटलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि त्या पहिल्या नमुन्यात," त्या हसल्या, "अगदी शेवटी, गोदा दार वाजवते ना, त्याच्यानंतर हळूच 'मंग?' असं कोण म्हणतं?"

"कोण म्हणतं?"

"तुम्हाला माहीत नाही? ऐका की पुन्हा. सोमवारपर्यंत आम्हाला ठरवायचंय. तुम्हाला आणखी एकदा पाठवायचं असेल तर अवश्य पाठवा. नाहीतर दुसऱ्या एक बाई आहेत, त्यांचं नक्की करावं लागेल."

फोन ठेवून मी तो पहिला नमुना लावला. प्रकरण संपलं की मी लगेच हेडफोन काढत असे, म्हणून शेवट कधी ऐकलाच नव्हता. गोदानं दारावर थाप मारली. माझा आवाज थांबला. मागं लॅपटॉप धापा टाकत होता आणि त्या धापांच्या आतून आईंचा आवाज आला. अगदी हळू, श्वास रोखून ठेवलेल्या माणसासारखा.

"मंग?"

मी मागं जाऊन पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं. आता नीट कान देऊन. गोदा एसटीतून उतरते तिथं एक "हुं". कंडक्टर तिची वळकटी फेकतो तिथं "च्‌ च्‌". आणि प्रत्येक 'हुं'च्या नंतर माझं पुढचं वाक्य कसं उचलून आलं होतं! मी पुस्तक वाचत नव्हतेच. मी खिडकीखालच्या सतरंजीकडे बघून बोलत होते.

श्रावणातली गोष्ट मला आठवली. शुक्रवारची कहाणी वाचायला बसले होते आणि आई परसात होत्या. मी आपली एकटीच वाचायला लागले, तर त्या हात पुसत धावत आल्या. समोर बसल्या, मुठीत तांदूळ घेतले आणि म्हणाल्या, "एकटीनं कहाणी वाचू नाई व. कोणीच नसलं तं तुळशीले सांगावं. पण भिंतीले सांगू नाई." तेव्हा मी मनात म्हटलं होतं, काय एकेक शास्त्रं काढतात या. आता मी मान वर करून बघितलं. समोर भिंत होती आणि भिंतीवर रजई टांगलेली होती.

मी तशीच उठून डोंगरे काकूंच्या ओसरीवर गेले. आई एकट्याच खांबाला टेकून बसल्या होत्या. काकू आत झोपल्या होत्या. सूप पुढ्यात होतं, पण हात चालत नव्हते.

"आई, घरी चला."

"काऊन? कोणी आलं का?"

"कोणी नाही. मला वाचायचंय."

"मंग वाच ना. मी तं मुद्दाम इकडं बसली."

"तुम्ही समोर हव्यात." हे वाक्य मला फार जड गेलं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं काही म्हटलं नव्हतं. "तुम्ही नसलात की मला वाचताच येत नाही. पुण्याच्या बाई तसंच म्हणाल्या. सोमवारपर्यंत पाठवलं नाही तर काम जाणार माझं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग सुपाकडे. "पण माहा कापूस..."

"कापूस राहू द्या ना इथं. नुसत्याच बसा."

"नुसती?" त्यांना ते पटेना. "रिकाम्या हातानं गोष्टी ऐकत बसू मी? अन् त्रिपुरी आली ना व. लाख पुऱ्या व्हाच्या हायेत." आणि मग समजूत घातल्यासारखं, "मी आली का कापूस येईन, कापूस आला का त्याचा दमा येईन. त्याले सांभाळ तू. महागाचा हाये थो."

मी त्यांचं सूप उचललं. "तुम्ही आत बसायचं. तो जाईल बाहेर."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. अरविंदला फोन करून मी अकोल्याहून माइकची लांबातली लांब वायर आणायला सांगितली. रविवारी सकाळी त्यानं उत्साहानं लॅपटॉप परसात, धुण्याच्या दगडावर नेऊन ठेवला. आई ओरडल्या, "अरे, तिथं नोको! वर पाह्य ना, कशाचं झाड हाये थे!" वर देवकापसाची बोंडं फुटून लोंबत होती. मग लॅपटॉप स्वयंपाकघरात गेला, ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारी. वायर दाराखालून माझ्या खोलीत आली. फट राहिली तिथं आईंनी जुनं लुगडं कोंबलं. अरविंदला ओट्यापाशी बसवलं : मी हाक मारली की बटण दाबायचं आणि मग श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायचा नाही.

"नवऱ्याला बाहेर काढलं ते काढलं, वर दमेकऱ्याच्या सेवेला बसवलं," तो म्हणाला. पण बसला.

कपाटावरची सतरंजी मी काढून खिडकीखाली घातली. आई बसल्या. सूप ओढलं, दुधात बोट बुडवलं.

"आई, एकच करा. हुंकार तोंडानं द्यायचा नाही."

"मंग कसा देऊ?"

"मानेनं द्या."

त्यांनी मान एकदा हलवून बघितली. "मानेचा पोचन का तुले?"

"पोचेल."

मी हाक मारली, वाचायला सुरुवात केली. गोदा एसटीतून उतरली. आईंनी मान हलवली. कंडक्टरनं वळकटी फेकली, आईंच्या कपाळाला आठी पडली. मला कळलं की मी इतके दिवस हीच आठी बघून पुढचं वाक्य म्हणत होते. गोदा गल्लीत शिरली तेव्हा त्यांच्या हातातली वात अर्धी वळून तशीच राहिली. दारापाशी आली तेव्हा त्यांनी पदर तोंडाशी धरला, आवाज फुटू नये म्हणून. मी थाप मारली आणि थांबले. खोलीत काहीच वाजत नव्हतं. आई माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होत्या आणि पदराआडून त्यांचे ओठ 'मंग' म्हणत होते.

मी अरविंदला थांबवायला सांगितलं नाही. पान उलटलं आणि दुसरं प्रकरण वाचलं. दार उघडलं.

सोमवारी संध्याकाळी साने बाईंचा फोन आला. "हे कसं केलंत?" एवढंच त्यांनी विचारलं. पुस्तक माझं झालं. मी फोन ठेवला आणि देवघरापाशी जाऊन आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं व माय," आणि देवापुढं साखर ठेवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी बघितलं, पण बघितलं नाही असं केलं. आमच्या घराची तीच रीत होती.

त्रिपुरी पौर्णिमेला संध्याकाळी आम्ही दोघी वाती घेऊन जुन्या महादेवाच्या देवळात गेलो. जुड्यांनी भरलेली पिशवी मी घेतली होती. दीपमाळ पेटली होती, पायऱ्यांवर पणत्यांच्या ओळी. डोंगरे काकू आधीच आल्या होत्या. आई गाभाऱ्यात गेल्या तशी मी पायऱ्यांवर काकूंशेजारी टेकले आणि पिशवी मांडीवर घेऊन म्हणाले, "झाल्या बाई एकदाच्या लाख पुऱ्या."

"कोणाच्या?"

"आईंच्या."

काकूंनी माझ्याकडे चमत्कारिक बघितलं. "अवं, आजीच्या लाख वाती तं नवरात्रातच झाल्या. अष्टमीले देवीपुढं जाळल्या. मीच तं व्हतो संगं. तू नाशिकले गेली व्हती ना, भावजयच्या ऑपरेशनले, तवा."

"मग या?"

"या कायच्या बाप्पा?" काकूंनी पिशवीत हात घालून एक जुडी काढली. "मले काय मालूम. मी तं इचारलं बी त्यायले, का आता कायले वळता? तं म्हणे, हाताले सवय झाली."

मी ती जुडी काकूंच्या हातातून घेतली. वाती नीट, सारख्या, दुधाच्या बोटानं वळलेल्या. काही मात्र मध्येच सुटलेल्या होत्या, अर्ध्या वळलेल्या. त्या कोणत्या जागी अर्ध्या राहिल्या असतील ते मला सांगता आलं असतं. वाती वळणाऱ्या बाईले कोणी उठ म्हणत नाई. त्यांच्या साऱ्या आयुष्यात गोष्ट ऐकत बसायला दुसरं कुठलं निमित्त कुणी ठेवलंच नव्हतं, आणि मीही कधी 'बसा' म्हटलं नव्हतं.

आई बाहेर आल्या. आम्ही वाती तुपात भिजवून दीपमाळेपाशी लावल्या. त्या जळेपर्यंत आई हात जोडून उभ्या होत्या. काकूंनी काही सांगितलं असेल का, असं एकदा त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मी पणत्यांकडे बघत राहिले.

परतताना रस्त्यात वर्दळ नव्हती. चांदणं स्वच्छ होतं. आईंच्या हातात रिकामी पिशवी होती. तिची त्या घडी घालत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घडी घालत होत्या.

"आता कापूस बी सरला," त्या म्हणाल्या. "नेम झाला. उद्यापासून तुह्या खोलीत पसारा नाई."

मी चाल मंदावून त्यांच्या बरोबरीनं आले.

"आई, गोदाच्या गोष्टीतली बरीच प्रकरणं राहिलीत. आणि साने बाई म्हणतात, त्याच्यानंतर दुसरं पुस्तक पाठवतो."

"हो का? बरं हाये."

"तर त्याला किती वाती लागतील?"

त्या थबकल्या. माझ्याकडे बघितलं नाही. पिशवीची घडी छातीशी धरून उभ्या राहिल्या आणि मग पुन्हा चालायला लागल्या. घराचं फाटक दिसायला लागलं तेव्हा म्हणाल्या,

"केवढं हाये पुस्तक?"

"जाड आहे."

"मंग झाडाचा पुरायचा नाई," आई म्हणाल्या. "बाजारातूनच आणा लागते."